पापलेट नेमके कोणते? माशांच्या जनुकांत दडले मासेमारीचे गणित

जळगाव : मुंबई आणि गुजरातच्या किनाऱ्यावरून बर्फाच्या पेट्यांतून जळगाव, धुळ्यापर्यंत येणारी मासळी विकत घेताना ग्राहक प्रामुख्याने दोन गोष्टी पाहतो. एक ताजेपणा आणि दुसरी भाव. 'पापलेट' म्हणून पिशवीत पडलेला मासा नेमका कोणत्या जातीचा, तो समुद्राच्या कोणत्या भागातला आणि त्याच्या वंशातील किती मासे पाण्यात शिल्लक आहेत, हे प्रश्न बाजारात सहसा विचारले जात नाहीत. शास्त्रज्ञ मात्र गेली काही दशके हेच प्रश्न विचारत आहेत आणि त्यांची उत्तरे माशाच्या पेशींतील डीएनएमध्ये शोधत आहेत. एखाद्या जातीच्या निरनिराळ्या समूहांतील जनुकीय साम्य आणि भेद तपासणाऱ्या या शास्त्राला 'समूह जनुकशास्त्र' असे म्हणता येईल.

हा केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा विषय नाही. मासेमारी कधी बंद ठेवायची, किती आकाराचा मासा पकडू द्यायचा, कोणत्या राज्याच्या होड्यांनी कोठे जाळे टाकायचे, हे सारे नियम माणसाने आखलेल्या सीमांवर बेतलेले असतात. मासे त्या सीमा पाळत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या सीमा असतात. त्या न ओळखता केलेला नियम एकतर निरुपयोगी ठरतो किंवा मच्छीमारांवर अन्याय करणारा ठरतो.

एक नाव, अनेक मासे

पापलेटचेच उदाहरण घेता येईल. बाजारात 'काळे पापलेट' म्हणून ओळखला जाणारा हलवा हा मुळात पापलेटच्या कुळातलाच नाही. तो खाऱ्या पाण्यातील वेगळ्या कुळाचा सदस्य आहे. राज्याच्या अंतर्भागातील बाजारांत स्वस्त पर्याय म्हणून मिळणारा 'रूपचंद' तर समुद्रातलाही नव्हे. दक्षिण अमेरिकेतील नद्यांत मूळ असलेला आणि आता तळ्यांत वाढविला जाणारा हा गोड्या पाण्यातील मासा चपट्या अंगामुळे पापलेटसारखा दिसतो, इतकेच.

खऱ्या चंदेरी पापलेटची ओळखही वाटते तितकी सरळ नव्हती. भारतीय ग्रंथांत आणि सरकारी नोंदींत हा मासा 'पॅम्पस अर्जेन्टियस' या शास्त्रीय नावाने नोंदविला जात असे. या नावाच्या माशाचे वर्णन १७८८ मध्ये चीनच्या किनाऱ्यावरील नमुन्यावरून झाले होते. भारतीय किनाऱ्यावरील पापलेटच्या डीएनएची चिनी समुद्रातील नमुन्यांशी तुलना केली असता दोन्ही माशांच्या जाती भिन्न असल्याचे दिसून आले. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए याने १८२९ मध्ये भारतीय समुद्रातील पापलेटला 'कॅन्डिडस' असे नाव दिले होते. पुढे ते मागे पडले. २०१९ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी हे नाव पुनरुज्जीवित केले आणि उत्तर हिंदी महासागरातील पापलेट म्हणजे 'पॅम्पस कॅन्डिडस' असे नव्याने वर्णन प्रसिद्ध केले.

नाव बदलल्याने चव बदलत नाही, हे खरे. परंतु मासा किती वेगाने वाढतो, किती आकाराचा झाल्यावर प्रजननक्षम होतो, त्याचा विणीचा हंगाम कोणता, ही माहिती जातीच्या नावाखाली साठविली जाते. दुसऱ्याच जातीची माहिती आपल्या माशाला लावली, तर त्यावर आधारलेला नियमही चुकतो. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये चंदेरी पापलेटला 'राज्य मासा' म्हणून घोषित केले. पालघर जिल्ह्यातील सातपाटीसारखी गावे या माशासाठी ओळखली जातात आणि त्याच्या घटत्या उत्पादनाची चिंता तेथील मच्छीमार सातत्याने व्यक्त करीत आले आहेत. राज्याच्या या मानचिन्हाची नेमकी जात ठरविण्याचे काम जनुकांनी केले, ही बाब म्हणूनच महत्त्वाची ठरते.

जात ओळखण्याची पद्धत तुलनेने सोपी आहे. पेशीतील ऊर्जाकेंद्र असलेल्या मायटोकॉन्ड्रियातील एका जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचला जातो आणि तो नोंदींशी ताडून पाहिला जातो. याला 'डीएनए बारकोड' म्हणतात. मासा कापलेला असो वा गोठविलेला, डोके आणि शेपूट नसले तरी त्याची ओळख पटू शकते.

साठा म्हणजे काय?

जात निश्चित झाली म्हणजे काम संपत नाही. एकाच जातीचे मासे समुद्रात सर्वत्र एकमेकांत मिसळत असतीलच, असे नाही. काही समूह ठराविक भागात वाढतात, ठराविक ठिकाणी अंडी घालतात आणि इतरांशी त्यांचा फारसा संबंध येत नाही. अशा समूहाला मत्स्यशास्त्रात 'साठा' म्हणतात आणि मासेमारीचे नियोजन साठ्याच्या हिशेबाने करावे, हे या शास्त्राचे मूळ तत्त्व आहे.

खानदेशातील शेतकऱ्याला हे विहिरींच्या उदाहरणावरून सहज समजेल. शेजारच्या दोन शेतांत दोन विहिरी आहेत. जमिनीखाली पाण्याचा साठा एकच असेल, तर एकाने बेसुमार उपसा केल्यावर दुसऱ्याची विहीरही आटते. अशा वेळी एकट्याने पाणी वाचवून उपयोग नसतो, दोघांनी मिळून नियम पाळावे लागतात. याउलट खालचे साठे वेगळे असतील, तर एक विहीर कोरडी पडली तरी दुसरीत पाणी राहते. मात्र तेव्हा दोन्ही विहिरींच्या पाण्याची सरासरी काढून 'पाणी पुरेसे आहे' असे म्हणणे कोरड्या विहिरीच्या मालकाची फसवणूक ठरते.

समुद्रातही नेमके हेच घडते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यातील मासेमारीचे नियमन राज्याकडे असते. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतचे क्षेत्र केंद्राच्या अखत्यारीत येते. गुजरात आणि महाराष्ट्र यांच्या किनाऱ्यावरील एखाद्या जातीचा साठा एकच असेल, तर एका राज्याने लहान मासे पकडण्यास बंदी घालून आणि दुसऱ्याने मोकळीक देऊन काहीच साध्य होणार नाही. साठे दोन असतील, तर दोन्हींसाठी वेगवेगळी मर्यादा ठरवावी लागेल. वरून पाणी सारखेच दिसते. खालची सीमा शोधण्यासाठी जनुकांचा आधार घ्यावा लागतो.

जनुके कशी बोलतात?

प्रत्येक जीवाच्या डीएनएमध्ये काही ठिकाणी अक्षरांचा क्रम व्यक्तीगणिक बदलतो. दोन समूह अनेक पिढ्या वेगळे राहिले, की या पर्यायांचे प्रमाण दोन्हीकडे हळूहळू निरनिराळे होत जाते. शेकडो माशांच्या कल्ल्याचा किंवा पराचा लहानसा तुकडा घेऊन हे प्रमाण मोजले जाते. पूर्वी यासाठी मोजक्या खुणा वापरल्या जात. आता एकाच वेळी हजारो खुणा तपासता येतात.

समुद्री माशांच्या बाबतीत हे काम विशेष अवघड आहे. एक मादी लाखो अंडी घालते, अंडी आणि नुकतीच जन्मलेली पिले प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात. त्यामुळे दोन समूहांतील जनुकीय फरक अत्यंत कमी असतो. येथे एक मोठा गैरसमज होण्याची शक्यता असते. पिढीगणिक अगदी मोजके मासे एका समूहातून दुसऱ्यात गेले, तरी जनुकीय फरक पुसला जाऊ शकतो. मात्र तेवढ्या पाहुण्यांवर रिकामा झालेला साठा पुन्हा भरत नाही. म्हणजेच, जनुकांत फरक आढळला तर साठे वेगळे आहेत असे ठामपणे म्हणता येते. फरक आढळला नाही, तर साठा एकच आहे असे लगेच म्हणता येत नाही. म्हणूनच जनुकीय चाचणीला माशाच्या शरीराची मोजमापे, कानातील खडे, खुणा करून सोडलेल्या माशांचा माग आणि मच्छीमारांचा अनुभव यांची जोड द्यावी लागते.

नॉर्वेतील चोवीस तासांचा निर्णय

जनुकशास्त्राचा थेट मासेमारीच्या नियमनासाठी वापर कसा होतो, याचे ठळक उदाहरण नॉर्वेतील लोफोटेन बेटांजवळ पाहायला मिळते. तेथे हिवाळ्याच्या अखेरीस कॉड माशाचे दोन समूह अंडी घालण्यासाठी एकत्र येतात. एक दूरच्या बॅरेंट्स समुद्रातून येणारा, संख्येने मोठा आणि मासेमारी सोसू शकणारा. दुसरा किनाऱ्यालगत कायम राहणारा आणि संख्येने क्षीण झालेला. दोन्ही मासे दिसायला जवळपास सारखे. जाळ्यात सापडल्यावर कोळ्याने त्यांना वेगळे कसे करावे?

यावर तेथील सागरी संशोधन संस्थेने २००९ पासून एक व्यवस्था सुरू केली. हेनिंग्सव्हेर येथील राखीव भागातून माशांचे नमुने घ्यायचे, दोन्ही समूहांत वेगळे दिसणारे एक जनुक तपासायचे आणि साधारण चोवीस तासांत निष्कर्ष द्यायचा. दूरवरून आलेल्या कॉडचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक असेल तर तो भाग मासेमारीस खुला होतो, अन्यथा बंद राहतो. बंदी सरसकट नाही आणि मोकळीकही सरसकट नाही. क्षीण समूहाला संरक्षण मिळते आणि मच्छीमारांचा हंगामही बुडत नाही.

आपल्या समुद्राचे काय?

भारतातही या दिशेने काम झाले आहे. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये पिवळ्या पराच्या ट्यूना माशाविषयी अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय समुद्रात या माशाचे तीन जनुकीय साठे असल्याचा त्यांचा निष्कर्ष होता. हिंदी महासागरातील ट्यूनाच्या मासेमारीचे नियमन करणारा आंतरराष्ट्रीय आयोग मात्र हा संपूर्ण महासागरातील एकच साठा धरून हिशेब मांडत आला आहे. याच संस्थेच्या शास्त्रज्ञांना वायव्य किनाऱ्यावरील लांब शेपटीच्या ट्यूनामध्ये असा भेद आढळला नाही. भावंडे शोभावीत अशा दोन जातींची उत्तरे वेगळी निघतात, त्यामुळे एका माशाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही.

कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने २०२३ मध्ये तारली माशाचा संपूर्ण जनुकसंच उलगडल्याचे जाहीर केले. केरळ, कर्नाटकच्या किनाऱ्यावर तारलीचे उत्पादन एखाद्या वर्षी भरघोस येते आणि एखाद्या वर्षी अचानक कोसळते. बदलत्या हवामानाला हा मासा कसा तोंड देतो, याचा शोध घेण्यासाठी हा जनुकसंच पायाभूत ठरणार आहे.

खानदेशातील आठवडे बाजारांत सुकट आणि जवळ्याबरोबर हमखास दिसणारा सुका बोंबील हादेखील या दृष्टीने विचार करण्याजोगा मासा आहे. बोंबील म्हटले की मुंबई आठवते. प्रत्यक्षात शास्त्रज्ञ हॅमिल्टन याने १८२२ मध्ये गंगेच्या परिसरातील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले होते. हा मासा गुजरात आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर विपुल आहे, दक्षिणेकडे तो विरळ होत जातो आणि पुन्हा ओडिशा, बंगालच्या किनाऱ्यावर भरपूर मिळतो. मध्ये एवढे मोठे अंतर असताना दोन्हीकडच्या बोंबलांचा एकत्रित हिशेब करणे धोक्याचे आहे. एका किनाऱ्यावरील चांगले उत्पादन दुसऱ्या किनाऱ्यावरील घसरण झाकू शकते.

पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस दोन्ही किनाऱ्यांवर वेगळे आहेत. केंद्राच्या अखत्यारीतील पाण्यात पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असा हा ६१ दिवसांचा काळ आहे. परंतु एका किनाऱ्यावर सर्वच जातींना एकच तारीख लागू होते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकार निश्चित केले आणि त्याहून लहान मासे पकडण्यास मनाई केली. हे पाऊल आवश्यकच होते. मात्र हा नियम जातीपुरता आहे. साठ्यापर्यंत तो अद्याप पोहोचलेला नाही.

कोट्यवधी मासे, मोजके पालक

जनुके आणखी एक गोष्ट सांगतात, जी जाळ्यातील वजनावरून कळत नाही. न्यूझीलंडच्या टास्मान उपसागरातील स्नॅपर माशाचे १९५० पासून जपून ठेवलेले वाळलेले खवले शास्त्रज्ञांनी तपासले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले, की माशांची संख्या लाखोंत असतानाही पुढच्या पिढीला जनुकीय वारसा देणाऱ्या पालकांची प्रभावी संख्या दोनशेहूनही कमी होती आणि मासेमारी वाढल्यानंतर जनुकीय विविधता घटत गेली होती. समुद्र माशांनी भरलेला दिसत असताना आतून वंश दुबळा होऊ शकतो, हा त्याचा अर्थ.

मासे मोजण्यासाठीही जनुकांचा उपयोग होऊ लागला आहे. दक्षिणेकडील ब्लूफिन ट्यूनाच्या सुमारे तेरा हजारांहून अधिक माशांचे नमुने ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा त्यांत पालक आणि अपत्य यांच्या ४५ जोड्या सापडल्या. तर्क सोपा आहे. लहान गावात यदृच्छेने निवडलेल्या माणसांत बाप-लेक सापडण्याची शक्यता जास्त, महानगरात ती कमी. जोड्या किती सापडतात, यावरून प्रौढ माशांची एकूण संख्या काढता येते. त्यासाठी मच्छीमारांनी किती मासे पकडल्याचे सांगितले, यावर विसंबून राहावे लागत नाही.

जाळ्याची निवडही वंशावर परिणाम करते. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सिल्व्हरसाइड या लहान माशाच्या काही गटांतून प्रत्येक पिढीतील मोठे मासे काढून घेतले, तर काही गटांतून लहान. चारच पिढ्यांत पहिल्या गटांतील मासे आकाराने लक्षणीय लहान झाले. लहान माशांना वाचविणे गरजेचे असले, तरी मोठे आणि भरपूर अंडी देणारे मासेही काही प्रमाणात समुद्रात राहिले पाहिजेत, हा धडा त्यातून मिळतो.

तापीच्या काठावरही तोच प्रश्न

खानदेशाला समुद्र नसला, तरी तापी नदी त्याला समुद्राशी जोडते. मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटरचा प्रवास करणारी ही नदी जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून वाहत सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. बंगालमध्ये इलिश आणि मराठीत पाला म्हणून ओळखला जाणारा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत वर चढतो. नदीवर बांध पडला की ही वाट अडते. गंगेवर १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाल्यानंतर वरच्या भागातील इलिशची मासेमारी कोलमडली. तापीवरही काक्रापारचा बंधारा आणि १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण उभे आहे. बांधाने एका समूहाचे दोन तुकडे होतात आणि त्यांतील लहान तुकडा जनुकीयदृष्ट्या अधिक धोक्यात येतो.

धरणांत आणि तलावांत सोडल्या जाणाऱ्या मत्स्यबीजाचा मुद्दा तर थेट खानदेशाचा आहे. येथील बाजारांत सर्रास मिळणारे कटला, रोहू आणि मृगळ हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यासारख्या उत्तरेकडील नद्यांतले. १९५७ मध्ये कटक येथे इंजेक्शनद्वारे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाल्यानंतर त्यांचे बीज देशभर पोहोचले. परंतु मोजक्याच नर-माद्यांपासून पिढ्यान्पिढ्या बीज काढले, तर सगोत्र प्रजनन वाढते आणि माशांची वाढ खुंटू शकते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कर्नाटकातील मत्स्यबीज केंद्रांच्या अभ्यासाने हा धोका दाखवून दिला होता. त्यावरचा उपायही जनुकशास्त्रानेच दिला. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९२ पासून नॉर्वेच्या सहकार्याने निरनिराळ्या नद्यांतील रोहू एकत्र आणून निवड पद्धतीने 'जयंती रोहू' विकसित केला. पिढीगणिक त्याच्या वाढीत सरासरी सतरा टक्क्यांच्या आसपास सुधारणा नोंदविली गेली.

चांगल्या हेतूने केलेल्या कामातही वंशाची ओळख विसरल्यास काय होते, हे महाशीर माशाने दाखविले आहे. लोणावळ्याजवळील वळवण येथे १९७०च्या दशकापासून दख्खनी महाशीरचे कृत्रिम प्रजनन करण्यात येऊ लागले आणि त्याचे बीज देशातील अनेक नद्यांत सोडण्यात आले. कावेरी नदीत मात्र या पाहुण्या महाशीरने जम बसविला आणि तेथील मूळचा, कुबड असलेला प्रचंड आकाराचा महाशीर दुर्मीळ होत गेला. या मूळ माशाची शास्त्रीय ओळख निश्चित होईपर्यंत २०१८ साल उजाडले आणि त्याच वर्षी त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' म्हणून झाली. नाव मिळेपर्यंत मासा जवळपास संपत आला होता.

नियमापूर्वी ओळख

जनुकीय तपासणी खर्चिक असली, तरी तिचा खर्च झपाट्याने कमी होत आहे. लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो, कोचीची सागरी संस्था आणि मुंबईतील वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था यांच्याकडे यासाठी लागणारे मनुष्यबळ आहे. उणीव आहे ती संशोधनाचा निष्कर्ष आणि शासनाचा आदेश यांना जोडणाऱ्या दुव्याची. पापलेट, बोंबील यांसारख्या प्रमुख जातींचे साठे निश्चित करून गुजरात आणि महाराष्ट्राने सामायिक साठ्यांसाठी एकत्रित नियम केले, तर बंदीच्या काळात होडी किनाऱ्याला लावून बसणाऱ्या कोळ्याला आपल्या त्यागाचा लाभ आपल्याच पाण्यात मिळेल, याची खात्री देता येईल.

आणि किनाऱ्यापासून दूर राहणारा ग्राहकही या साखळीबाहेर नाही. तळहातात मावणारे पापलेटचे पिल्लू स्वस्त मिळते म्हणून जळगाव, धुळ्यात खपत राहिले, तर ते पकडणारे जाळेही समुद्रात पडत राहील. राज्य माशाचा वंश टिकवायचा की नाही, याचा निर्णय काही अंशी मासळी बाजारातील तराजूवरही होत असतो.